चावी, परात आणि कोर्लई

अण्णा एसटीत कंडक्टर होते. अलिबाग डेपो, अठ्ठावीस वर्षं. त्यांतली कितीतरी वर्षं मुरूडच्या गाडीवर. त्यामुळे आमच्या घरात कोर्लई हे गावाआधी थांब्याचं नाव होतं. चौल, रेवदंडा, साळाव, कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव, मुरूड. लहानपणी पाढ्यांसोबत हीसुद्धा माझी पाठ झाली होती. पण कोर्लईला उतरून गावात मी कधीच गेले नव्हते. खिडकीतून समुद्रात शिरलेली डोंगराची ती सोंड दिसायची, तिच्यावर तटाची रेघ दिसायची, आणि गाडी पुढे जायची.

या जानेवारीत ते राहून गेलेलं केलं. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. "किल्ल्यावर तू जा, मी खाली बसतो," हे त्यांनी घरूनच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी फणसाडच्या जंगलात मात्र ते चालणार होते. तिथली वाट सपाटीची आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

रेवदंड्याचा पूल आला तसे अण्णा खिडकीकडे सरकले. खाली कुंडलिकेची खाडी, भरती नुकतीच लागलेली. पूल नव्हता तेव्हा रेवदंड्याला उतरून होडीनं पलीकडे जावं लागायचं आणि पावसाळ्यात होडीवाला नाही म्हणाला की माणसं अलीकडेच अडकायची, असं ते सांगत होते. खाडीच्या उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला कोर्लई. रेवदंड्याचा कोट आणि कोर्लईचा डोंगर एकमेकांच्या तोफांच्या टप्प्यात. इथला सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघालाय, हे पुलावरून एका नजरेत कळतं. पुस्तकात कितीही वाचलं तरी ते असं कळत नाही.

चौल हे फार जुनं बंदर. ग्रीक-रोमन लेखकांनी त्याची नोंद केली आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथंच उतरला, त्याची आठवण म्हणून रेवदंड्यात एक स्तंभही उभारलाय. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज आले आणि रेवदंड्यात कोट बांधून बसले. समोरचा कोर्लईचा डोंगर मात्र अहमदनगरच्या निजामशाहीचा. निजामशहानं त्यावर तटबंदी उभारून तोफा चढवल्या आणि त्या थेट रेवदंड्यावर रोखल्या. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी खाडी ओलांडून हा डोंगर घेतला. लढाईत एक हत्ती दरवाजातच कोसळला, त्याच्या धुडामुळे आतल्यांना दरवाजा लावता आला नाही आणि पोर्तुगीज आत घुसले, असं म्हणतात. त्या दरवाजापाशी उभं राहिल्यावर मला तो हत्तीच आठवत राहिला. कुणाचं राज्य, कुणाचा धर्म, त्याला काय माहीत होतं?

गावात शिरलो तेव्हा अकरा वाजले होते. कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील लटकलेले, खाली जवळा पसरलेला, आणि त्या वासात मिसळलेला कुठल्या तरी परसातल्या आंब्याच्या मोहोराचा वास. माझं सगळं बालपण या दोन वासांत आहे. ख्रिस्ती वस्तीकडे वळलो तर दारांवर नाताळच्या कागदी चांदण्या अजून टांगलेल्या होत्या, उन्हानं थोड्या विटलेल्या. चर्च माउंट कार्मेलच्या मातेचं. दाराला कुलूप होतं.

आम्ही अंगणात उभे आहोत हे बघून समोरच्या घरातून एक आजी आल्या. फुलाफुलांचा झगा, हातात ओल्या तांदळांची परात. "कुठून आलात बाय?" अस्सल आमच्याकडची मराठी. अलिबागहून म्हटल्यावर त्यांनी मागे वळून घरातल्या कुणाला तरी हाक मारली आणि काहीतरी सांगितलं. ते सांगणं मला कळलं नाही.

मला ते नीट लिहायचंय. मी सव्वीस वर्षं मुद्रितशोधक आहे. मराठी वाक्य चुकीच्या जागी वळलं तर डोळ्यांच्या आधी कानाला कळतं, इतकी सवय झाली आहे. आजींच्या वाक्याची चाल माझी होती. जिथं आवाज चढायला हवा तिथं चढला, जिथं क्रियापद येऊन टेकावं तिथं काहीतरी येऊन टेकलं. पण आतला एक शब्द ओळखीचा नव्हता. अंधारात आपल्याच घरात चालावं, आणि हाताला लागणारी प्रत्येक वस्तू परक्याची असावी, तसं झालं. अंगावर काटा आला.

आतून एक मुलगा धावत आला. आजी मला म्हणाल्या, "चावी आणली, या."

ही कोर्लईची भाषा. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीजमध्ये भाषेला 'लिंग्वा' म्हणतात, त्याचं शेपूट इथं झडून गेलंय. पोर्तुगीज शिपाई, इथल्या बायका, बाटलेली कुटुंबं, गुलाम म्हणून आणलेली माणसं, या सगळ्यांच्या रोजच्या व्यवहारातून ती तयार झाली. १७४० साली पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई सोडली. ज्यांना शक्य होतं ते निघून गेले, गरीब मागे राहिले. ज्यांची भाषा ते बोलत होते ती माणसंच गेली, तरी यांनी ती सोडली नाही. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी या भाषेचा अनेक वर्षं अभ्यास केला. ती टिकण्याचं कारण ते सांगतात ते मन दुखवणारं आहे. धर्म वेगळा म्हणून आणि जातीची उतरंड म्हणून आजूबाजूच्या मराठी समाजाशी या लोकांची सोयरीक नव्हती, ऊठबसही बेताची. बाहेर जाता येत नव्हतं म्हणून आतली भाषा जगली. आज ती बोलणारे हजाराच्या आसपास आहेत.

आणि तरीही मराठी आत शिरलीच, तीही शब्दांपेक्षा खोल, वाक्याच्या हाडांत. पोर्तुगीज माणूस क्रियापद मध्ये ठेवतो: मी खातो मासे. कोर्लईची आजी ते शेवटी ठेवते, तुमच्या-माझ्यासारखी: मी मासे खातो. शब्द लिस्बनचे, रचना रायगडची. दमणमध्येही अशीच पोर्तुगीजमधून जन्मलेली भाषा आहे, पण तिथं पोर्तुगीज १९६१ पर्यंत राहिले, त्यामुळे तिची ओढ पोर्तुगीजकडे राहिली. कोर्लईवाल्यांची ओढ आपल्याकडे झाली.

चर्चच्या बाकावर बसून मी मनात उलटा हिशोब करत होते. आजी म्हणाल्या 'चावी'. तो शब्द पोर्तुगीजच. त्यांच्या हातातली परात पोर्तुगीज. दाराची बिजागरी पोर्तुगीज. पगार, लिलाव, तुरुंग, घमेलं, पिंप, फीत, बटाटा, पाव. हे सगळे शब्द मी हजारदा तपासलेत, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेत, आणि एकदाही ते मला पाहुणे वाटले नाहीत. त्यांनी आपल्याला वस्तू दिल्या, आपण त्यांना वाक्य दिलं. ही देवघेव कुठल्याही तहात लिहिलेली नाही. ती बाजारात, स्वयंपाकघरात आणि खाडीवरच्या होडीत झाली असणार.

अण्णा आणि आजी तोवर अंगणात बसले होते. अण्णांनी मुरूड गाडीचं सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "मग माझ्या टोपल्या तुम्हीच चढवल्या असतील." मासळीची टोपली गाडीत घ्यायची की नाही यावरून रोज वाद, टोपलीचं लगेज फाडायचं की तसंच सोडायचं यावरून वाद. अण्णा म्हणाले, "तुमच्या बायका पैसे मोजायच्या ते तुमच्या भाषेत. मला सुट्टे परत देताना कळावं म्हणून मी आकडे शिकलो होतो." हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. आजींनी लगेच परीक्षा घेतली. अण्णा पाचापर्यंत गेले आणि अडले. दोघंही मनापासून हसले. मी त्यांना तिथंच ठेवून किल्ल्याकडे निघाले.

डोंगराच्या पश्चिम अंगाने समुद्रालगत रस्ता जातो तो दीपगृहापर्यंत. दीपगृहामागून पायऱ्या चढल्या की तटाच्या लहान दारातून थेट किल्ल्यात. चढ फार नाही. किल्ला लांबट आहे, डोंगराच्या सोंडेवरच बांधलेला, रुंदीला अगदी चिंचोळा. आडव्या भिंती घालून त्याचे कप्पे पाडलेत आणि प्रत्येक कप्प्याला दरवाजा. एक पडला तरी पुढचा लढवता यावा ही योजना. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडी, उत्तरेला दोघांचा संगम. मधल्या वाटेवर उभं राहिलं की दोन्ही हातांना पाणी. पश्चिमेचं पाणी हिरवट निळं आणि खाडीचं गढूळ, हे वरून स्पष्ट दिसतं.

माथ्यावर चर्चचे अवशेष आहेत. छप्पर गेलंय. आत गवत वाढलेलं, कंबरेएवढं, जानेवारीतलं वाळून पिवळं झालेलं. वारा आला की सगळं गवत एका बाजूला झुकायचं. कितीतरी माणसांनी इथं गुडघे टेकले असतील. शिलालेख आहेत, पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड आहे. जवळच पाण्याचं टाकं, आणि थोडं पुढे महादेवाचं लहान देऊळ. देवळात कुणीतरी सकाळीच फुलं वाहून गेलं होतं.

मराठ्यांनी हा किल्ला सहज मिळवला नाही. १६८३ साली संभाजीराजांनी चौलला वेढा घातला, पण ते ठाणं हाती आलं नाही. वसईच्या मोहिमेच्या काळात सुभानराव माणकर यांनी कोर्लई घेतली. नंतर बुरुजांची नावं बदलली. सान दियागोचा झाला पुस्ती बुरूज आणि सान फ्रान्सिस्कोचा गणेश बुरूज. संतांच्या जागी गणपती आला. पण उत्तरेच्या टोकाला, जिथं किल्ला उतरत उतरत पाण्याला टेकतो, त्या भागाला 'क्रुसाची बातेरी' म्हणतात, बातेरी म्हणजे तोफांचा मोर्चा. क्रूस पोर्तुगीज, बातेरी पोर्तुगीज, मधली 'ची' तेवढी आपली. त्या 'ची'वर माझा जीव जडला. एका षष्ठीच्या प्रत्ययानं दोन परके शब्द कायमचे इथले करून टाकले.

मी तिथपर्यंत उतरले. काही तोफा अजून पडून आहेत. एकीवर हात ठेवला तर उन्हानं चटका बसला. खाली खडकांवर लाटा फुटत होत्या, समोर रेवदंड्याच्या नारळी-पोफळी, आणि मधून एक मासेमारी बोट खाडीत परतत होती. कुणाला जकात न देता, कुणाला न विचारता. अर्धा तास मी बसून राहिले.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. चर्चच्या भिंतीवर, अगदी चुन्याच्या जुन्या थरात, खिळ्यानं खरवडलेली नावं आहेत. जोडप्यांची, मित्रमंडळांची. टाक्यात बाटल्या तरंगत होत्या. मी हाताला लागल्या तेवढ्या काढल्या, पिशवीत भरून खाली आणल्या. त्या लिहिणाऱ्यांतली बहुतेक नावं आपल्या लिपीत होती, याचं फार वाईट वाटलं.

रात्र आम्ही नांदगावला एका वाडीतल्या घरात काढली. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. सकाळी मिनिडोअरनं सुपेगावला. फणसाड अभयारण्यात शिरायची वाट तिथून आहे. वनखात्याच्या चौकीवर नोंद केली, गावातला एक तरुण वाटाड्या बरोबर घेतला.

फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान. सिद्दींचं संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं आणि १९८६ साली हे रान अभयारण्य झालं. नवाबानं शिकारीसाठी का होईना, राखलं, म्हणून किनाऱ्यापासून इतक्या जवळ असं दाट जंगल शिल्लक राहिलं. आजूबाजूचे डोंगर बघा, कोळशासाठी आणि सरपणासाठी कधीच बोडके झालेत.

ऐन, किंजळ, अंजनी, कुडा. उन्हाचे कवडसे पडलेली वाट, पायाखाली पाचोळा. अण्णा काठी टेकत, पण माझ्यापुढे. तासभर आम्ही फारसं बोललो नाही. मग वाटाड्यानं हात वर केला. वर, किंजळीच्या फांदीवर शेकरू. तांबूस तपकिरी अंग, पोटाशी पिवळट, आणि शरीराएवढी लांब झुपकेदार शेपटी. आपल्या राज्याचा प्राणी, पण अण्णांनी तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिला. "याच रस्त्यानं आयुष्यभर गेलो रे मी," असं ते वाटाड्याला म्हणाले. शेकरू या झाडावरून त्या झाडावर उडी घेऊन दिसेनासं झालं तरी ते मान वर करून उभेच होते. मी त्यांना घाई केली नाही.

पाणवठ्यांना इथं 'गाण' म्हणतात. चिखलगाण, फणसाडची गाण. हा शब्द मी कुठल्याच छापील मजकुरात तपासलेला आठवत नाही. वाटाड्याला विचारलं तर तो म्हणाला, "पाणी बारा महिने राहतं ती गाण." एवढी नेमकी व्याख्या. आम्ही चिखलगाणीपर्यंत गेलो. काठच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे होते, सांबराचे असं त्यानं सांगितलं. पाणी अगदी थोडं, काळं, पानांनी झाकलेलं, आणि त्यावर पिवळी फुलपाखरं बसलेली.

परतताना गारंबीचा वेल लागला. वेल कसला, माणसाच्या मांडीएवढं जाड खोड, पिळे घेत या झाडावरून त्या झाडावर गेलेलं. त्याच्या शेंगा हाताएवढ्या लांब, वरून लोंबणाऱ्या, एकेका बीच्या जागी फुगीर. खाली पडलेली एक बी वाटाड्यानं दाखवली. चपटी, तपकिरी, तळहातात मावणारी, गुळगुळीत. आमच्या आजीच्या फडताळात अशीच एक बी होती. ती कुठून आली हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. अण्णांनी ती हातात घेऊन बराच वेळ अंगठ्यानं घासली, आणि परत पाचोळ्यात, होती तिथंच ठेवली. अभयारण्यातून काही न्यायचं नसतं.

दुपारची अलिबाग गाडी सुपेगावच्या फाट्यावर मिळाली. कंडक्टर एक तरुण मुलगी होती. अण्णांनी तिकिटाचे पैसे सुट्टे मोजून दिले, तिनं यंत्रातून तिकीट काढलं आणि ती पुढे गेली. काशीद गेलं, बोर्ली गेली. कोर्लईच्या फाट्यावर दोन बायका टोपल्या घेऊन चढल्या आणि आमच्या मागच्या सीटवर बसून त्यांच्या भाषेत बोलू लागल्या. अण्णा थोडे मागे कलले. मग हळू आवाजात, बोटं दुमडत, मोजायला लागले. पाचापर्यंत आले. थांबले. पूल आला तरी सहा आठवेना. मागे वळून विचारू का म्हटलं, तर त्यांनी मान हलवली.

"नको. त्या आजींनाच विचारू. फेब्रुवारीत जाऊ."

मी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली आहे.